सत्तरचा आकडा: कागलच्या गुऱ्हाळापासून लंडनपर्यंत

दिवाळीच्या सुमारास कागल तालुक्यात गुऱ्हाळं पेटतात. चरकातला रस काहिलीत पडतो, चुलवणात वाळलेली चिपाडं सारली जातात, आणि आधणाला उकळी फुटली की मळी वर येऊ लागते. मळी किती काढायची, पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, वाफ्यात तो किती वेळ घोटायचा, हे सगळं गुळव्याच्या नजरेवर चालतं. रस स्वच्छ करायला त्याच्या हाताशी पूर्वापार चुना आणि भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस असायचा. गेल्या काही दशकांत त्यात एका पांढऱ्या पावडरीची भर पडली. गुऱ्हाळावर तिला हायड्रॉस म्हणतात. पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगकामात रंग उतरवायला वापरतात तीच. ती काहिलीत पडली की तांबूस पाक बघता बघता पिवळा होतो. बाजारात गुळाच्या पिवळ्या रव्याला भाव जास्त, म्हणून ती पडते.

पावडर विरघळते, पण तिच्यातल्या गंधकाचा अंश गुळात मागे राहतो. तो सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजला जातो. भारतीय नियमांनुसार एक किलो गुळात तो ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. युरोपीय संघात पांढऱ्या साखरेला हीच मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. देशोदेशींच्या अन्नमानकांचा मेळ घालणाऱ्या कोडेक्स आयोगाच्या साखरेच्या मानकात पांढऱ्या साखरेला १५, आणि ऊस उत्पादक देशांत कारखान्यातच थेट तयार होणाऱ्या साखरेला ७० अशी दोन मापं आहेत. अमेरिकेत कुठल्याही खाद्यपदार्थात सल्फाइट १० मिलिग्रॅम किंवा अधिक असलं की तसं वेष्टनावर छापावं लागतं. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच आहे, मग आकडे इतके वेगळे का? उत्तर शोधायला निदान सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

कोल्हापूरच्या गुळाला मोठी बाजारपेठ मिळाली ती १८९५ च्या सुमारास. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, शाहू महाराज झाले, आणि १८९४ मध्ये राज्यकारभार हाती येताच वर्षभरात त्यांनी रेल्वे स्टेशनाशेजारी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. रेल्वेमुळे पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेकाठचा गूळ लांब जाऊ लागला. पुढे गुजरात हे त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं आणि व्यापाऱ्याच्या डोळ्याला आवडणारा रंग हा दराचा एक निकष बनला. रंगाला पैसे मोजले जाऊ लागले, तिथेच या गोष्टीचं मूळ आहे.

त्याच काळात इंग्लंडमध्ये साखरेशीच संबंधित एक भयंकर प्रकार घडला. १९०० साली मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या गरीब वस्त्यांतून हातापायांना मुंग्या येणारे, चालता न येणारे, कातडी काळी पडलेले रोगी दवाखान्यांत येऊ लागले. आधी डॉक्टरांनी हा दारूचाच परिणाम मानला. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना मात्र शंका आली: लोक पूर्वीइतकीच बिअर पीत होते, मग रोगी अचानक वाढले कसे? त्यांनी बिअर तपासली आणि तिच्यात आर्सेनिक सापडलं. माग काढत तपास बिअरमध्ये घातलेल्या साखरेपर्यंत पोहोचला. ती साखर गंधकाम्ल वापरून तयार केलेली होती, ते गंधकाम्ल आर्सेनिक असलेल्या खनिजापासून बनलेलं होतं, आणि ते शुद्ध करून घ्यायचं राहून गेलं होतं. सुमारे ६,००० लोक आजारी पडले, ७० च्या आसपास दगावले.

ब्रिटिश सरकारने लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. आयोगाने १९०३ मध्ये अहवाल दिला आणि अन्नातल्या आर्सेनिकला आकड्यात मर्यादा सुचवली: घन पदार्थाच्या एका पौंडात एका ग्रेनचा शंभरावा भाग. आजच्या मापात हे किलोला सुमारे १.४ मिलिग्रॅम होतं. भारतीय नियमांत ज्या पदार्थांचा वेगळा उल्लेख नव्हता, त्यांना लागू असलेली आर्सेनिकची मर्यादा १.१ मिलिग्रॅम होती. शंभर वर्षांत रसायनशास्त्र कुठल्या कुठे गेलं, आकडा मात्र जवळपास तिथेच घुटमळला.

आर्सेनिक हे दूषितक, चुकून आत शिरलेलं. सल्फर डायऑक्साइड मुद्दाम वापरलेल्या पदार्थाचा उरलेला अंश. कायदा या दोहोंत भेद करतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न एकच असतो: किती चालेल, आणि ते कोण ठरवणार?

अमेरिकेत हा प्रश्न धसास लावला हार्वी वायली यांनी. ते कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ होते, आणि त्यांचा मूळ अभ्यास साखरेचाच. १९०२ मध्ये त्यांनी तरुण स्वयंसेवकांचं एक पथक जमवलं. या तरुणांना रोजच्या जेवणातून टांकणखार, सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, फॉर्मल्डिहाइड असे त्या काळी सर्रास वापरले जाणारे टिकाऊ पदार्थ दिले जात आणि त्यांच्या तब्येतीची काटेकोर नोंद ठेवली जाई. वर्तमानपत्रांनी या पथकाला ‘विष पथक’ असं नाव दिलं. सल्फाइटच्या फेरीत तरुण इतके आजारी पडले की प्रयोग मधेच थांबवावा लागला. १९०६ मध्ये अमेरिकेचा शुद्ध अन्न कायदा झाला आणि १९०७ मध्ये सल्फर डायऑक्साइडवर किलोला ३५० मिलिग्रॅमची मर्यादा जाहीर झाली.

कॅलिफोर्नियाचे सुकामेवावाले लगेच उठले. जर्दाळू, पीच सुकवताना ते गंधकाची धुरी देत. ३५० मध्ये आमचा माल बसत नाही, धंदा बुडेल, अशी त्यांची तक्रार थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेली. अंमलबजावणी लांबली. रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये आयरा रेम्सेन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचं वेगळं मंडळ नेमलं आणि वायलींचा शब्द अखेरचा राहिला नाही. १९१२ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. माणसांवर प्रयोग करण्याची त्यांची पद्धत आजच्या कसोटीला उतरणार नाही. पण खाणाऱ्याच्या शरीरापासून आकडा काढायचा, कारखान्याच्या सोयीपासून नाही, हा त्यांचा आग्रह बरोबर होता आणि तो हरला, हे खेदाने म्हणावं लागतं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९२५ मध्ये तिथे अन्नातल्या टिकाऊ पदार्थांबाबत नियम झाले. बरेचसे पदार्थ सरसकट बंद झाले. जे चालू राहिले त्यांची पदार्थवार यादी आणि प्रत्येकापुढे आकडा. सल्फर डायऑक्साइडच्या रकान्यात साखरेपुढे दहा लाख भागांत ७०, मक्याच्या पातळ पाकापुढे ४५०, मनुकांपुढे ७५०, जिलेटिनपुढे १,००० असे आकडे होते. यादी नीट वाचली की ती कशी तयार झाली असेल हे कळतं. मनुका खाणाऱ्याचं शरीर साखर खाणाऱ्याच्या शरीरापेक्षा दहापट जास्त गंधक सोसतं असं कुणी म्हणणार नाही. प्रत्येक धंद्याला नीटनेटकं काम करून जेवढं जमेल, तेवढा आकडा त्याला मिळालेला आहे.

मोजायचं कसं, हे १९२७ मध्ये ठरलं. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयातले रसायनतज्ज्ञ मोनियर-विल्यम्स यांनी एक रीत बसवली. नमुना आम्लात उकळायचा, निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमधून न्यायचा, तिथे त्याचं गंधकाम्ल होतं, ते मोजायचं. चंबू, नळ्या, थंड पाणी आणि एक सावध माणूस, एवढ्यावर ही चाचणी होते. तिची सुधारित रूपं जगभर अजून वापरात आहेत.

आता कोल्हापूरकडे. १९३२ मध्ये भारतातल्या साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशात साखर कारखान्यांचं पीक आलं. तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत १३० च्या वर गेले. कोल्हापुरात कसबा बावड्याचा कारखाना याच दशकातला. रस स्वच्छ करायच्या दोन रीती या कारखान्यांपुढे होत्या. एकीत चुनखडीची भट्टी लागे, चुना भरपूर लागे, साखर मात्र चांगली होई. दुसरीत चुन्याबरोबर गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडायचा. यंत्रं कमी, खर्च कमी. भारताने बहुतांशी गंधकाची रीत धरली. पुढे सहकारी साखर कारखानदारी वाढली, तीही याच वाटेने. कागल तालुक्यात आज कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमीदवाड्याचा मंडलिक असे कारखाने उभे आहेत. बाजारात मिळणारी नेहमीची पांढरी साखर मुख्यतः गंधकाच्या रीतीची असते.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. संसदेने १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला, १ जून १९५५ पासून तो लागू झाला, आणि त्याखालच्या नियमांत परवानगी असलेल्या टिकाऊ पदार्थांचा तक्ता आला. त्या तक्त्यात सल्फर डायऑक्साइडपुढे साखर, ग्लुकोज, गूळ आणि खांडसरी यांना ७०. मक्याच्या पाकाला ४५०. मनुकांना ७५०. जिलेटिनला १,०००. लंडनच्या १९२५ च्या यादीशी आकड्याला आकडा जुळतो. ब्रिटिश यादीत गूळ असण्याचा प्रश्नच नव्हता; तो भारतीय तक्त्यात साखरेच्या शेजारी बसला आणि साखरेचाच आकडा त्याला लागला. म्हणजे कागलच्या काहिलीला लागू झालेलं माप हे ब्रिटिश साखर व्यापाराच्या सोयीचं होतं. गूळ कोण खातं, किती खातं, बाळंतिणीला किती देतात, लहान मुलांच्या हातावर किती ठेवतात, याचा विचार त्या आकड्याच्या जन्मात कुठेच नव्हता.

तो विचार जागतिक पातळीवर पुढच्या दशकांत झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने १९७० च्या दशकात सांगितलं की माणसाने आयुष्यभर रोज शरीराच्या एका किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड घेतला तरी चालेल. या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४२ मिलिग्रॅम. ७० च्या मर्यादेत बसणारा गूळ त्याने रोज ६०० ग्रॅम खाल्ला तर तो या रेषेवर येतो. वीस किलोच्या मुलाची रेषा १४ मिलिग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम गूळ. एवढा गूळ रोज कुणी खात नाही. त्यामुळे नियमात बसणारा गूळ म्हणजे विष, अशी ओरड करणं चूक आहे. पण हा हिशेब एकट्या गुळाचा झाला. त्याच दिवशी पोटात साखर जाते, मनुका जातात, बाटलीतली सरबतं जातात. आणि नियमात न बसणाऱ्या गुळाला हा हिशेब लागूच होत नाही.

पुढचं वळण अमेरिकेतलं. १९८० च्या सुमारास तिथे हॉटेलांत चिरलेल्या भाज्या हिरव्यागार दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर सल्फाइटचं पाणी मारत. दम्याच्या काही रोग्यांना त्याने जबरदस्त झटके आले, काही जण दगावले. सर्वसाधारण माणसाला सोसणारी मात्रा या लोकांना सोसत नव्हती. १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी केली आणि १० मिलिग्रॅमपासून पुढे लेबल सक्तीचं केलं. दहाच का? मोनियर-विल्यम्सच्या रीतीने खात्रीने मोजता येणारा सर्वांत खालचा आकडा तेवढाच होता. ज्याला सल्फाइट बाधतं त्याच्यासाठी सुरक्षित मात्रा सांगता येत नसेल, तर उपकरणाला दिसेल तेवढं तरी लिहा, असा तो निर्णय. युरोपनेही लेबलासाठी १० हाच आकडा घेतला. २०२२ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणखी एक पाऊल टाकलं: ०.७ हा आकडा पुरेशा अभ्यासावर उभा नाही म्हणून तो मागे घेतला, आणि सल्फाइट जास्त खाणाऱ्यांबाबत काळजीला जागा आहे असं म्हटलं.

दरम्यान भारतात २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले आणि जुना भेसळ कायदा संपला. ७० मात्र नव्या पुस्तकात तसाच आला. २०२० च्या लेबल नियमांत भारतानेही सल्फाइट १० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर वेष्टनावर सांगणं बंधनकारक केलं. आता दोन आकडे शेजारी शेजारी आहेत, लंडनच्या साखरवाल्यांचा ७० आणि दमेकऱ्यांचा १०. त्यांच्या मधल्या पट्ट्यातला गूळ कायदेशीर आहे, पण त्याची माहिती मिळण्याचा हक्क फक्त पाकीटबंद गूळ घेणाऱ्याला आहे. गुळाचा बाजार अजून मुख्यतः रव्यांचा आणि ढेपींचा आहे. किराणा दुकानात फोडून दिलेल्या अर्धा किलो गुळाला लेबल कुठलं?

मापं वेगळी असली की काय होतं, याचा अनुभव शेजारच्या सांगलीने आणि नाशिकने द्राक्षांत घेतला आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. त्यातून बागांची नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी सुरू झाली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिच्या केंद्रस्थानी होती. २००६ मध्ये शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने ग्रेपनेट ही यंत्रणा उभी केली: युरोपात पोहोचलेल्या पेटीवरून ती कुठल्या शेतकऱ्याच्या बागेतून आली ते सांगता येऊ लागलं. तरीही २०१० मध्ये घाव बसलाच. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडनिर्मिती व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड, त्यांच्या बोलीत सीसीसी, वापरत. भारतात द्राक्षांत त्याला किलोला १ मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती, युरोपात ०.०५. वीसपट फरक. भारतातल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे नापास झाला. निर्यातदार अडकले, त्यांच्यामागे बागायतदार अडकले, कर्जाचे हप्ते थकले. त्यानंतर सीसीसी यादीत आलं.

द्राक्षांच्या या गोष्टीत एक बोचरी बाब आहे. युरोपला जाणारा घड कुठल्या गटातला, कुठल्या तारखेला फवारलेला, कुठल्या प्रयोगशाळेत तपासलेला, हे सगळं नोंदलेलं असतं. त्याच गावातला दुसरा घड कोल्हापूरच्या मंडईत येतो तेव्हा त्याच्याबरोबर एकही कागद नसतो. गुळाचंही तसंच आहे. परदेशी ग्राहक प्रमाणपत्र मागतो म्हणून निर्यातीचा गूळ तपासला जातो. गावातला ग्राहक काही मागत नाही, कारण मागायचं कुणाकडे हेच त्याला माहीत नसतं.

गुळव्याला दोष देऊन हे सुटणारं नाही. ऊस उशिरा तोडला, नदीकाठच्या खारवट रानातला आला, शिळा झाला, की रस मुळातच काळपट निघतो. गाळपाच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, कारखान्यांशी उसासाठी चढाओढ असते, आणि आधण थांबवता येत नाही. अशा वेळी दहा मिनिटांत रंग आणणारी पावडर हाताशी असेल तर ती पडणारच. तिचं देणंही उधारीचं असतं: हायड्रॉसचा पिवळेपणा टिकत नाही, हवा लागून साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. तोवर रवा विकला गेलेला असतो.

पर्याय कोल्हापुरातच आहे. इथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळाला योग्य ऊस, भेंडीच्या रसाचा वापर, मळी काढायची वेळ यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जमिनीचं खत, तोडणीची वेळ आणि स्वच्छ काहील जमली तर पावडरीवाचून चांगला गूळ होतो, हे जुने गुळवेही सांगतात. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. रसायनविरहित गुळाची पाकिटं शहरांत चढ्या दराने जातात. यार्डातल्या घाऊक बाजारात मात्र तपकिरी रव्याला अजून पिवळ्याच्या मागे उभं राहावं लागतं.

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात. व्यापारी रवा फोडतात, रंग पाहतात, कण पाहतात, तुकडा जिभेवर ठेवतात आणि बोली लावतात. गंधक जिभेला कळत नाही. ते कळण्यासाठी लागणारी काचेची उपकरणं १९२७ पासून जगाला माहीत आहेत, आणि सौद्यांवर बाजार समिती सेस घेते. त्या सेसमधून यार्डात एक लहान प्रयोगशाळा उभी करावी, प्रत्येक लॉटचा आकडा बोलीच्या आधी फळ्यावर लिहावा, आणि ज्याचा गूळ १० च्या खाली आहे त्याला ते दाखवून दर मागता यावा, एवढं करायला दिल्लीचा नियम बदलायची वाट पाहावी लागत नाही.